उतारशाळेतली जागा

डिसेंबरचं युनिट नाताळचं घ्यायचं, असं बायकोनं जेवताना सांगितलं तेव्हा मी हातातली भाकरी ताटात ठेवली. आमच्या घरात देव नाहीत. बुद्धाची एक मूर्ती आहे, तिच्यापुढेही कुणी काही मागत नाही. पण माझी हरकत धर्माची नव्हती. मी एवढंच विचारलं, "नाताळच का?"

बायकोनं थोरलीकडे बोट दाखवलं. विषय तिनं निवडला होता. थोरली वरणात भाकरी चुरत होती. तिनं मान वर केली नाही.

आमच्या दोन्ही मुली घरी शिकतात. म्हणजे तेव्हा शिकत होत्या. बायकोचं डी.एड. झालेलं आहे. शिक्षिकेची नोकरी तिला मिळाली नाही, ती का मिळाली नाही हा वेगळा विषय आहे. घरी शिकवायची वेळ आली तेव्हा तिनं पद्धत स्वतःची काढली. दर महिन्याला एक विषय धरायचा आणि गणित, भूगोल, भाषा, चित्रकला सगळं त्या एका विषयातून ओढून काढायचं. पावसाळ्यात पवना नदी झाली. मग भाजी मंडई झाली. त्या महिन्यात घरातल्या कोथिंबिरीच्या काड्यासुद्धा मोजल्या गेल्या. ह्याला ती युनिट म्हणते.

आता मुली घरी का होत्या ते सांगायला हवं, कारण नाताळ मला का खुपला ते त्यातच आहे.

आदल्या वर्षीपर्यंत थोरली रहाटणीत आमच्या घरापासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या एका शाळेत होती. डिसेंबरमध्ये शाळेत नाताळचं नाटक बसलं. तिला काम मिळालं उतारशाळेच्या मालकाचं. येशूचे आईवडील योसेफ आणि मरिया रात्री मुक्कामासाठी दार ठोठावतात, तेव्हा पगडी घालून दारात यायचं आणि इंग्रजीत एकच वाक्य म्हणायचं: जागा नाही. ते वाक्य ती घरात आठवडाभर निरनिराळ्या आवाजांत म्हणत होती. दूधवाल्यालाही म्हणून झालं.

मग शाळेनं कळवलं की पोशाख शाळेनं नेमलेल्या माणसाकडूनच घ्यायचे. त्यानं सांगितलेला भाव ऐकून पालकांच्या ग्रुपवर बोंबाबोंब सुरू झाली. मी भाव करणारा माणूस आहे. भोसरीत मी लाकडी खोकी बनवतो, चाकणच्या कंपन्यांचा माल त्यांतून बाहेरदेशी जातो, आणि त्या कंपन्यांच्या खरेदी खात्यांशी रोज घासाघीस करून माझं घर चालतं. मराठवाड्यातून आलो तेव्हा दुसऱ्याच्या शेडमध्ये खिळे ठोकत होतो. आज शेड माझी आहे. ती कुणी मला ताटात वाढून दिलेली नाही. तर मी पिंपरीतल्या शिंप्यांकडे फिरलो, तेच कापड, तीच शिलाई, निम्म्याच्या आसपास भाव आणला. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. भाऊ, तुम्हीच बोला. भाऊ, आम्ही तुमच्या मागे आहोत.

शाळेच्या सभागृहात मी उभा राहिलो आणि बोललो. मागे वळून पाहिलं तर जो तो आपापल्या फोनमध्ये बघत होता. मुख्याध्यापिका मॅडम म्हणाल्या की बाकी कुणाची तक्रार दिसत नाही. माझा आवाज चढला. तो चढतो. पत्र्याच्या शेडमध्ये करवत चालू असताना बोलायची सवय झालेला माणूस मी, आणि त्या दिवशी तर चढायला कारणही होतं. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाचं काम दुसऱ्या मुलाला गेलं. ग्रुपवर सगळ्यात मोठ्यानं ओरडणाऱ्या गृहस्थाचा तो मुलगा. हे गृहस्थ आमच्याच इमारतीत राहतात. ते लिफ्टमध्ये असले की मी जिन्यानं जातो.

जानेवारीत मी दोघींचे दाखले काढले आणि पुन्हा त्या फाटकातून आत पाय टाकणार नाही असं घरात सांगितलं. दुसऱ्या शाळांतही चौकशी केली नाही. सगळीकडे तेच पोशाखवाले असणार.

धाकटीला काही फरक पडला नाही. ती पहिलीत होती, घरी राहायला मिळालं म्हणून खूश झाली. थोरलीनं गणपतीत एकदा विचारलं की मी परत शाळेत जाऊ का. मी नाही म्हटलं, आणि जरा मोठ्यानं म्हटलं. तिनं कारण विचारलं नाही, रडली नाही, पुन्हा तो विषयही काढला नाही. बायको मला म्हणाली की पोरीला डबा खायला सोबत लागते, इथे डब्यात काय आहे हे विचारायलाच कुणी नाही. मी म्हटलं, डबा नाहीच तर विचारणार काय. पण माझ्या लक्षात राहिलं. माझ्या धंद्यात मागणारा जो गप्प होतो तो मागे हटलेला असतो असं नाही.

म्हणून नाताळचं युनिट ऐकल्यावर मला वाटलं, पोरीनं दार उघडलंय. मी भाकरी पुन्हा हातात घेतली आणि म्हटलं, करा.

युनिट चांगलं झालं हे मी मान्य करतो. बायकोनं सुरुवात तळमजल्यावरच्या सिस्टरपासून केली. त्या निवृत्त नर्स आहेत, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती. आख्खी इमारत त्यांना सिस्टर म्हणते आणि ताप आला की डॉक्टरच्या आधी त्यांच्याकडे जाते. त्या वर आल्या त्या करंज्यांचं सारण घेऊन. थोरलीला वाटलं होतं केक येईल. सिस्टर म्हणाल्या की त्यांच्या गावात नाताळ म्हणजे करंज्या आणि शंकरपाळी. पेटी-तबला घेऊन लोक घरोघरी गाणी म्हणत हिंडायचे आणि प्रत्येक घरी चहा प्यावा लागायचा, त्यामुळे शेवटच्या घरी पोचेपर्यंत गाणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला यायचा. पांढरी दाढी आणि लाल कपडे त्यांनी पुण्यात नोकरीला आल्यावर दुकानात पहिल्यांदा पाहिले. मुलींनी हे सगळं लिहून काढलं. भाषेचा तास झाला. करंज्यांवर अपूर्णांक झाले. अपूर्णांक खाऊन टाकल्यामुळे उजळणी दुसऱ्या दिवशी पोळ्यांवर करावी लागली.

गोष्ट सिस्टरनी सांगितली. उतारशाळा, गव्हाण हे शब्द त्यांच्याच तोंडून आले. शाळेत मुलीनं ते इंग्रजीत पाठ केलं होतं. गव्हाण म्हणजे गुरांना वैरण घालायची जागा आणि बाळाला तिच्यातच ठेवलं, हे तिला आता कळलं. तिनं विचारलं, "मग बैल खातील कुठं?" सिस्टर म्हणाल्या की एक रात्र बैलांनी सांभाळून घेतलं असेल.

पिंपरीच्या बाजारात चांदण्या आणायला मला नेण्यात आलं. हा गणिताचा तास होता आणि त्यासाठी माझी नेमणूक झाली होती. मी थोरलीला सांगितलं की बघ आणि बोलू नकोस. आपल्याला काय हवंय ते आधी सांगायचं नाही. जे हवंय त्यात खोट काढायची. दुकानदार चहा मागवतो म्हणाला तर भाव ठरेपर्यंत घ्यायचा नाही, कारण चहा प्यायला की माणूस खुर्चीला चिकटतो. आणि शेवटी उठायचं. उठणं खरं असलं पाहिजे, नुसतं ढुंगण उचलून चालत नाही, चार पावलं टाकता आली पाहिजेत. हाक येते. मी चांदण्या घेतल्या त्या अशाच, पायरी उतरल्यावर. थोरली सगळं बघत होती. घरी येताना स्कूटरवर तिनं विचारलं, "आणि हाक आलीच नाही तर?" मी म्हटलं की मग ती वस्तू आपली नव्हती.

भूगोलाचा तास शेडमध्ये झाला. आमच्या धंद्यात नाताळला वेगळाच अर्थ आहे. बाहेरच्या गिऱ्हाइकांच्या कंपन्या तेव्हा बंद होतात, म्हणून त्याआधी सगळ्यांना आपापला माल निघायला हवा असतो. डिसेंबरचे पहिले आठवडे भोसरीत श्वास घ्यायला वेळ नसतो, आणि मग एकदम करवत थांबते. जानेवारी थोडा पुढे सरकेपर्यंत चाकणहून फोन येत नाही. मी भिंतीवरच्या नकाशावर मुलींना खोकी कुठे कुठे जातात ते दाखवलं आणि ही सुट्टी समजावून सांगितली. तिकडे बर्फ असतं, तिकडे सगळे घरी असतात, म्हणून इकडे मी रिकामा असतो. थोरलीनं ते नीट ऐकून घेतलं.

धाकटी लाकडाच्या थप्पीवर चढली आणि म्हणाली की इथे कसला तरी छान वास येतोय. तो पाइनचा. परदेशातून येणारं लाकूड. नाताळचं झाड ज्या जातीचं, त्याच्याच नात्यातलं. वीस वर्षं मी त्या वासात उभा आहे, पण हे मला तोपर्यंत सुचलं नव्हतं. बायकोला सुचलं, तिनं ते ताबडतोब विज्ञानात घातलं. तुकड्यांतून आम्ही गव्हाण बनवली. एका फळीवर शिक्का होता. लाकूड भट्टीत तापवून आतली कीड मारली की तसा शिक्का मारतात, त्याशिवाय खोकं देशाबाहेर जाऊ देत नाहीत. मी ती फळी बदलू म्हटलं. थोरली म्हणाली राहू दे, बाळासाठी चांगलंच आहे.

मग नाटकाचं निघालं. युनिटच्या शेवटी नाटक करायचं, घरातच, रविवारी दुपारी, प्रेक्षक म्हणून सिस्टर. कामं थोरलीनं वाटली. बायको मरिया, आणि पडद्यामागून वाचणारीही तीच. धाकटी गाढव. मला वाटलं होतं की उतारशाळेचा मालक थोरली स्वतः होईल. वर्षापूर्वी हिसकावून घेतलेलं काम घरी तरी मिळावं, म्हणूनच हा विषय तिनं निवडला असणार, असा माझा हिशेब होता. आणि खरं सांगायचं तर मी पगडीचं कापडही आणलं होतं. पण ती म्हणाली, "मालक तुम्ही व्हा, पप्पा. एकच वाक्य आहे. मला योसेफ व्हायचंय."

रविवारी जेवणं झाल्यावर सोफा भिंतीला सरकवला. तो उतारशाळा. बाल्कनीच्या दारापाशी गव्हाण, तिच्यात माझा जुना टॉवेल आणि धाकटीची बाहुली. सिस्टर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर शंकरपाळ्यांचा डबा. बायकोनं पदराआड उशी धरली होती आणि दुसऱ्या हातात कागद. मी पगडी घालून सोफ्यासमोर उभा राहिलो. थोरलीनं माझाच मफलर डोक्याला गुंडाळला होता. गाढव तिच्या मागून रांगत आलं.

तिनं हवेत दार ठोठावलं. "भाऊ, रात्रीपुरती जागा मिळेल का? बाई अवघडलेली आहे."

"जागा नाही," मी म्हटलं.

इथे योसेफनं मान खाली घालून गोठ्याकडे वळायचं होतं. कागदावर तसं होतं. थोरली वळली नाही. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं, सोफ्याकडे, आणि नाक मुरडलं.

"नाहीतरी दार बारकंच आहे," ती म्हणाली. "आत वारं येत असणार."

आता मी काय सांगू. एखाद्यानं माझ्या मालाला नाव ठेवलं की मला राहवत नाही. "वारं कुठून येईल? पक्कं बांधकाम आहे."

"पक्कं आहे, तर मग लोक का नाहीत?"

"लोक आहेत. सगळं भरलंय."

"भरलंय तर दिवा एकाच खोलीत कसा?"

बायकोनं घसा खाकरला. मी तिकडे लक्ष दिलं नाही. "ती खोली एकासाठी ठेवलीय," मी म्हटलं.

"तो आलाय का?"

"अजून नाही."

"येणारे का?"

"काय सांगावं."

"आम्ही आलोय," थोरली म्हणाली.

 तिनं बायकोचं कोपर धरलं. "चल मरिया, पुढच्या लॉजवर बघू. तिथं आंघोळीला गरम पाणीपण देतात." आणि ती चालायला लागली. नुसतं वळणं नव्हतं ते. बायकोला आणि गाढवाला घेऊन ती सरळ स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेली. पाऊल आत पडणार इतक्यात माझ्या तोंडून गेलं, "थांबा. किती दिवस राहणार?"

सिस्टर हसल्या ते आधी कळलं. त्यांच्या मांडीवरचा डबा हलत होता. बायको उशीसकट वळली. "अहो," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना जागा दिलीत."

दिली होती. आणि जागा दिल्यावर ती गोष्टच पुढे जाईना. बाळ सोफ्यावर जन्माला येणार, तर गव्हाण कशाला केली? गोष्टीत देवदूतानं मेंढपाळांना सांगितलेलं असतं की बाळ गव्हाणीत सापडेल. ते बिचारे गोठा शोधत हिंडणार. इतक्या वर्षांत इतक्या शाळांनी हे नाटक केलं असेल, पण मालकाला घोळात घेऊन खोली मिळवणारा योसेफ कुणाकडे झाला असेल असं मला वाटत नाही. गाढवानं खालूनच विचारलं की आता मी कुठे बांधून घेऊ.

थोरली हसली नव्हती. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"पप्पा, मी खोली परत करते."

"कर."

"फुकट नाही."

"काय पाहिजे?" मी विचारलं. विचारून झाल्यावर कळलं की हा प्रश्न ती माझ्या तोंडून काढत होती, कदाचित महिनाभर.

"तुम्ही माझ्याबरोबर शाळेत यायचं. मॅडमशी बोलायचं. मला परत जायचंय."

पगडी गरम होत होती. मी म्हटलं की हे नाटकात नाही.

"खोलीपण नव्हती नाटकात."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर आम्ही इथंच राहतो. खोली घेतलीच आहे." ती सोफ्यावर जाऊन बसली. बायकोनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग तीही उशी सावरत तिच्या शेजारी बसली. गाढव दोघींच्या मधे चढलं. तिघी माझ्याच सोफ्यावर बसून माझ्याकडे बघत होत्या. मी खरेदी खात्यांच्या कितीतरी खोल्यांमध्ये टेबलापलीकडे तीन-तीन माणसं पाहिली आहेत, पण तिथे मला उठून जाता यायचं. स्वतःच्या घरातून उठून कुठे जायचं?

मला राग आला होता हे खोटं नाही. बायकोला हे आधीपासून माहीत होतं का, हा विचारही मनात आला. मी नंतर विचारलं. ती नाही म्हणाली. मी ते अर्धं धरलं आहे.

सिस्टर खुर्चीतून म्हणाल्या, "भाऊ, बाळाला गव्हाणीत जाऊ द्या."

मी पगडी काढून हातात घेतली. "नुसतं बोलायचं," मी म्हटलं. "माफी मागणार नाही."

"माफीचं मी काही म्हटलंच नाही."

"जानेवारीत जाऊ कधीतरी."

"सुट्टीनंतर शाळा उघडते त्या दिवशी."

"त्या दिवशी माल निघायचाय."

"तेव्हा तिकडच्या कंपन्या बंद असतात," थोरली म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत. भूगोलात."

मी पगडी पुन्हा घातली. सोफ्यासमोर उभा राहून म्हटलं, "जागा नाही. मागे गोठा आहे, तिथं बघा." त्या उठल्या. बाहुली टॉवेलात गेली. सिस्टरनी डोळे मिटून गावाकडचं एक गाणं म्हटलं, धाकटीनं गाढव असूनही टाळ्या वाजवल्या, आणि शंकरपाळी संपली.

शाळा उघडली त्या दिवशी आम्ही दोघं गेलो. फाटकावरचा सुरक्षारक्षक नवा होता, त्यानं मला ओळखलं नाही. मॅडमनी ओळखलं. त्यांनी बसायला सांगितलं, थोरलीला अभ्यासाचं विचारलं, काय काय शिकलीस विचारलं. थोरलीनं नदी, मंडई, नाताळ सांगितलं. मॅडमच्या मागे भिंतीवर आदल्या वर्षीच्या नाटकाचा मोठा फोटो लावलेला होता. उतारशाळेचा मालक पगडी घालून दारात उभा होता. खांद्यावर शिलाई उसवलेली फोटोतसुद्धा दिसत होती.  मी तेव्हाही बरोबर होतो आणि आजही आहे, पण त्यासाठी आलो नव्हतो.

मॅडमनी वर्गशिक्षिकेला बोलावून घेतलं, दोघी काहीतरी बोलल्या, आणि मग माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या की वर्षाच्या मधे घेता येणार नाही, सहावीच्या एकाही तुकडीत जागा नाही. त्या चिडून बोलल्या नाहीत. सांगायचं म्हणून सांगितलं. त्यात माझ्या त्या दिवशीच्या आवाजाचा वाटा किती आणि तुकडीचा किती, हे मला कळायला मार्ग नव्हता.

थोरलीनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती फोटोकडे बघत होती.

माझे गुडघे आपोआप ताठ झाले. अशा वेळी मी उठतो. उठून दारापर्यंत जातो, आणि मागून हाक येते, आणि नाही आली तर ती वस्तू आपली नव्हती. तेवढ्यात शिपाई चहा घेऊन आला आणि कप माझ्यापुढे ठेवून गेला. मी उठलो असतो तर ह्या बाईंनी हाक मारली नसती. हे मला तितकंच स्पष्ट दिसत होतं जितकी ती उसवलेली शिलाई. आणि वस्तू माझी नव्हती, मुलीची होती.

मी कप उचलला आणि प्यायलो. गोड होता, कोमटही होता. तो पिईपर्यंत मला बसून राहायला कारण होतं. मग मी विचारलं की जूनचं काय. मॅडम म्हणाल्या की उन्हाळ्याआधी चाचणी देऊ दे, पास झाली आणि जागा असली तर घेऊ. मी म्हटलं, "असली तर नको, मॅडम. एक ठेवा." त्या म्हणाल्या की असं ठेवता येत नाही. मी म्हटलं की चाचणी ती पास होईल, त्याची काळजी मला नाही. एकच बाक मागतोय, भिंतीकडचा असला तरी चालेल. आवाज खालीच होता. मला स्वतःला तो नवीन वाटला. मॅडम थोडा वेळ थोरलीकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं. ठेवते."

मी सवयीनं विचारलं, "लेखी?"

"मी म्हणतेय ना," त्या म्हणाल्या.

दहा रुपयांच्या खिळ्यांसाठीसुद्धा मी कागद मागतो. तिथे मी मान हलवली आणि नमस्कार केला. निघताना मॅडम म्हणाल्या की गेल्या वर्षी जे झालं ते. एवढंच म्हणून त्या थांबल्या. मी म्हटलं की राहू द्या. त्यांनी राहू दिलं. मी मात्र अजून ते ठेवलेलं आहे, आणि लिफ्टमध्ये ते गृहस्थ असले तर अजून जिन्यानंच जातो.

फाटकाबाहेर स्कूटरपाशी आलो. मधली सुट्टी झाली होती, आतून पोरांचा गलका येत होता. थोरली भिंतीजवळ उभी राहून ऐकत होती. जूनपर्यंत खूप दिवस होते. मी किल्ली लावली तशी ती मागे येऊन बसली, आणि माझ्या पाठीशी तोंड आणून म्हणाली, "पप्पा, तुम्ही चहा आधीच प्यायलात."

"हो," मी म्हटलं.

तिनं माझं जॅकेट दोन्ही बाजूंनी घट्ट धरलं आणि मी स्कूटर घराकडे वळवली.